साडेतेराचे चौदा

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
ता. १४ सप्टेंबर २०२५

सौ. धोंडुबाई विहीणबाई यांना तानाबाईचा नमस्कार.

पाणी उतरलं असेल. नदीकडच्या रानातला ऊस किती दिवस पाण्यात होता? व्याह्यांचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधा म्हणावं, गोळ्या खाऊन पोट बिघडवण्यापेक्षा ते बरं. इकडं मी ठीक आहे. शिवणाच्या मशीनवर बसलं की कंबर बोलते. घरात बोलणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तिलाच बोलू देते.

विशेष आहे आणि विनंतीही आहे. पण एकदम विषयाला हात घातला तर तुम्ही हा कागद बंबात घालाल, म्हणून आधी खुशाली. सात महिने झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण फोन कापता येतो, कागद हातात आला की माणूस दोन ओळी तरी वाचतं. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं लिहिणं मापाच्या वहीनं शिकवलं, त्यामुळं आकडे ठळक आणि अक्षर गचाळ. सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत शिरोळला तुमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. बायकांची पंगत बसली होती, तुमच्या भजनी मंडळाच्या सगळ्या बाया होत्या. तुम्ही पुरणपोळ्यांची परात घेऊन वाढत आमच्यापर्यंत आला होता. आणि मी पिशवीतून मापाची वही काढून उभी राहिले. लग्नाच्या वर्षीचं अनुजाचं माप आणि आत्ताचं माप, दोन्ही मोठ्यानं वाचली. छाती छत्तीस होती, ती पावणेपस्तीस. कंबर तीस होती, ती एकोणतीस. दंड अकराचा साडेदहा. आणि म्हणाले, "माझ्या लेकीला ह्या घरात पोटभर मिळत न्हाय. ही वही हाय, बघा कुणाला बघायचं त्यानं."

वही मी पंगतीतनं फिरवली. तुम्ही परात खाली ठेवलीत. बोलली ती अनुजा. "आई, तू आत्ताच्या आत्ता एस्टी धर," एवढंच.

त्या दिवसापासून लेक माझ्याकडं आली नाही. आठवड्याला एक मेसेज येतो, 'बरी आहे'.

आता हे माझ्या डोक्यात आलं कुठून, ते सांगते. आदल्या दिवाळीत भाऊबीजेला अनुजा चार दिवस इकडं होती. वास्तुशांतीच्या आहेराचा ब्लाउज शिवायचा म्हणून मी तिचं माप घेतलं. माप घेण्यात माझी कुणी चूक काढलेली नाही, चाळीस वर्षं झाली. बाईला सरळ उभं करायचं, हात सैल सोडायला लावायचे, श्वास रोखू द्यायचा नाही, पदर बाजूला, आणि टेपच्या आत आपली दोन बोटं गेली पाहिजेत. आवळून घेतलेलं माप आणि लाजून दिलेलं माप, दोन्ही खोटी. तसं सगळं नीट केलं, आणि आकडे जुन्या मापाशी ताडून बघितले तर पोरगी सगळीकडून आत गेलेली.

तिथून संशय लागला तो उसाला मावा लागतो तसा. वरून पान हिरवं, उलटून बघितलं की पांढरं. मी रोज पान उलटून बघायला लागले. व्हिडिओ कॉलवर तिला ताट दाखव म्हणायची. एकदा तुम्ही मागनं म्हणालात, अगं घे की अजून. मला वाटलं, फोन चालू आहे म्हणून म्हणतायत. ती हसली की वाटायचं काहीतरी लपवते, गप्प बसली की वाटायचं तुम्ही शेजारी उभ्या आहात. हातातली बांगडी कोपराकडं किती सरकते ते मी फोनच्या काचेतनं मोजत होते.

तुमच्या आळीतली मोनाबाई शिक्षिका, तिचं माहेर आमच्या गल्लीत, माझं जुनं गिऱ्हाईक. तिलाही विचारलं, जरा बघून सांग गं. ती म्हणाली, मावशी, पोरगी चांगली गुटगुटीत हाय की. तर मी म्हटलं, हिलाही तुमच्या घरची काकवी पोचलेली दिसते. असं झालं होतं माझं. जो माझ्यासारखं बोलेल तो खरा, बाकी सगळे फितूर.

आणि जूनमध्ये ह्याच मोनानं मला तोंडघशी पाडलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिनं चार ब्लाउज शिवायला टाकले. यायला सवड नव्हती म्हणून जयसिंगपूरच्या बुटीकमध्ये घेतलेलं माप फोनवर पाठवलं. त्या आकड्यावर शिवले. चारही ढगळ! आत अजून एक माणूस मावेल असे. मी म्हटलं हिनं आकडे चुकीचे पाठवले. मग म्हटलं त्या बुटीकवाल्यांनाच माप येत नाही. मोना स्वतः आली, उभी राहिली, मी टेप लावली. त्यांचं छत्तीस, माझं पावणेपस्तीस. मोना म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं आलं की मी बारीक हुते, तिकडं गेलं की जाड. खरी कुठली मी?"

शेजारच्या घरी दाराचं काम चालू होतं. गुंडू मिस्त्रीची पत्र्याची टेप मागून आणली आणि दोन्ही टेपा कट्ट्यावर शेजारी शेजारी पसरल्या. माझ्या टेपचा छत्तिसावा इंच त्याच्या सव्वासदतीसवर. गुंडू म्हणाला, "काकू, ह्या टेपनं मी दार केलं असतं तर मालकानं चौकटीसकट मला भाईर काडलं असतं."

टेप वाढली होती, विहीणबाई. ती अनुजाच्या लग्नाच्या सुमारास नवी आणलेली. माझी खोड अशी, की कात्री हरवू नये म्हणून ती टेपच्या खालच्या टोकाला बांधायची आणि टेप खिळ्याला टांगायची. पाऊण किलोची लोखंडी कात्री. तीन वर्षं ती टेपला रात्रंदिवस खाली ओढत होती. टेप ताणली की तिच्यावरचे इंचही लांब होतात, मग तीच छाती कमी इंचांत भरते. आणि मला कळावं कसं? त्याच टेपनं मापायचं, त्याच टेपनं कापायचं, कपडा अंगाला चोख बसायचा. बायका वयानं सुटत होत्या, टेप वजनानं वाढत होती, वहीतला आकडा जागच्या जागी. उलट चारचौघी खूश होऊन जायच्या, तानाक्का, मी उतरले की!

म्हणजे अनुजा होती तशीच होती. तुमच्या घरी ती एक दोराभरसुद्धा कमी झाली नव्हती. मी साप म्हणून भुई धोपटली, आणि तीही तुमची, नव्या फरशीची.

नवी टेप आणली आहे. कात्री आता ड्रॉवरमध्ये असते. जे झालं ते त्या टेपपायी झालं, हे ध्यानात घेऊन मोठ्या मनानं मागचं सोडून द्या, आणि दिवाळीला अनुजाला चार दिवस पाठवा, एवढी विनंती. जावईबापूंना आशीर्वाद. व्याह्यांना नमस्कार.

चूक कळलेली,
तानाबाई


उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
ता. ३० सप्टेंबर २०२५

सौ. धोंडुबाई विहीणबाई यांना,

यावेळी खुशाली विचारत नाही. तुम्ही बोललात तेव्हाच कळली.

परवा दुपारी तुमचा फोन आला. काजं करत होते. तुमचं नाव दिसलं तशी सुई बोटात गेली. तुम्ही म्हणालात, "टेप खोटी निगाली, मानलं. पण टेपला काय तोंड न्हाय. तुमच्या कानात कुणी भरवलं, तेवढं सांगा." आणि ठेवलात. मी हॅलो म्हणायच्या आत.

दोन दिवस त्या एका वाक्याशी भांडले. आधी राग आला. म्हटलं, मी एवढा चार पानी कागद लिहिला, माफी मागितली, अजून काय पाहिजे ह्या बाईला? मग संध्याकाळी मोनाला फोन लावला. ती आधी सांगेना, मी सोडेना. शेवटी तिनं सांगितलं.

तिनं सांगितलं, की वास्तुशांतीपासून अनुजाचं ताट तुम्ही स्वतः वाढता. दोन भाकरी झाल्या की तिसरी, भातावर तूप, वर वाटीभर दूध. ती संपवेपर्यंत समोर बसता. बोलत नाही, नुसत्या बसता. आळीतल्या बाया नळावर तिला विचारतात, काय गं, आज जेवलीस का? जावईबापूंनी तिला सांगलीला नेऊन रक्त तपासून आणलं, काही निघालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. अनुजाचं वजन सहा किलोनं वाढलंय, आणि ती दुपारी मोनाच्या शाळेत जाऊन नुसती बसते, कारण तिथं तिला कुणी खायला देत नाही. मोना म्हणाली, "मावशी, तिच्या सासूला वाटतंय हिनंच माहेरी कागाळी केली. आणि ही काय बोलत न्हाय, कारण बोलली तर तुम्ही खोट्या पडता."

माझ्या पोरीनं सात महिने माझी अब्रू झाकली. आणि मी तुम्हाला टेपची गोष्ट सांगून दिवाळीला पोरगी मागत होते.

म्हणून आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. माझ्या कानात कुणीही काहीही भरवलं नाही. अनुजानं एका शब्दानं तुमच्याबद्दल वाईट सांगितलं नाही. पण तुम्ही म्हणाल, आई लेकीला पाठीशी घालणारच. टेप खोटी निघाली तरी संशयाला काहीतरी मूळ असेल, तिनं काहीतरी सांगितलं असेल म्हणूनच ही वही घेऊन आली. तसं वाटू नये म्हणून मूळ कुठं आहे ते लिहिते. हे मी मागच्या कागदात लिहिलं नाही. लिहायचं ठरवून बसले होते, आणि लिहिलं नाही.

त्या भाऊबीजेला अनुजा आली ती निळा ब्लाउज घालून आली. दारातच मला दिसलं, हा माझा नाही. जन्मल्यावरच्या कुंचीपासून ते लग्नातल्या शालूच्या ब्लाउजपर्यंत त्या पोरीच्या अंगाला दुसऱ्याची सुई लागली नव्हती. तुमच्याकडं गेल्यावरही ती माझ्याकडूनच शिवून न्यायची. मी विचारलं, हा कुठला? तर ती फिरून पाठ दाखवत म्हणाली, आत्यांनी नेलतं जयसिंगपूरला, बुटीकमध्ये, बघ की कसा बसलाय. तुम्हाला ती आत्या म्हणते ते मला माहीत होतं. पण ज्या सुरात म्हणाली, तो सूर मी आधी ऐकला नव्हता.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुंड्यात, बाही जोडतात तिथं, चुणी शोधली, गळ्याला झोळ शोधला. कुठंही खोट नव्हती. खोट असती तर मी हसले असते आणि हे पुढचं काहीच झालं नसतं.

मग म्हटलं, उभी राहा, माप घेते. ती म्हणाली, "कशाला गं, हाय की तुझ्याकडं माझं माप. आणि डोळ्याला तरास करून घेऊ नकोस आता, तिकडं चांगलं शिवतात." माझ्या काळजीनं म्हणाली. मला ते काळजी म्हणून ऐकू आलं नाही.

छाती कमी भरली तेव्हा मी घाबरले. ते खरं होतं, आईचं होतं. कंबर कमी भरली, दंड कमी भरला. मी विचारलं, जेवतीस का नीट? ती म्हणाली, "आत्या पहिली गरम भाकरी मला वाढतात, मग बाकीच्यांना. आणि किती जेवू?" हे तिचे शब्द. त्या वर्षभरात तिनं तुमच्याबद्दल जे काही सांगितलं ते ह्याच चालीचं. आणि मी मनात म्हटलं, पढवून पाठवलंय.

मग मी खांद्याला टेप लावली.

विहीणबाई, तुम्ही शिवत नाही म्हणून सांगते. माणूस आजारी पडलं, उपाशी राहिलं, काळजीनं झुरलं, तर छाती उतरते, कंबर उतरते, दंड उतरतो. खांदा उतरत नाही. ते हाड आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वयात आल्यावर जेवढं ठरलं तेवढं शेवटपर्यंत राहतं. गल्लीतल्या किती म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची मापं माझ्या वह्यांत आहेत, वाळून चिपाड झाल्या तरी खांदा तोच. लग्नाच्या वर्षी अनुजाचा खांदा चौदा होता. त्या दिवशी साडेतेरा भरला.

मी दोनदा लावली. दोन्ही वेळा साडेतेरा.

शिकाऊ पोरीलासुद्धा तिथंच कळलं असतं, की माप चुकतंय, नाहीतर टेप. मला कळलं. नाही कळलं असं ह्या कागदावर लिहिलं तर हात झडेल माझा. पेन्सिल घेऊन मी थांबले. साडेतेरा लिहिलं असतं तर ती सगळी पंगत, ते सगळं रामायण त्याच पानावर संपलं असतं. मी हसले असते, नवी टेप आणली असती, आणि अनुजा तिचा निळा ब्लाउज घालून परत गेली असती.

मी चौदा लिहिलं.

आणि पाठीची उंची घेतलीच नाही, तीही कमी भरेल म्हणून.

त्यामुळं पान कसं दिसायला लागलं, ते तुम्ही त्या दिवशी बघितलं. हाड जागच्या जागी, मांस तेवढं उतरलेलं. जिला उपाशी ठेवलंय अशा बाईचं माप जसं असतं, हुबेहूब तसं. पंगतीतल्या ज्या बाईला शिवण कळत होतं तिनं ते पान बघून मान हलवली, मला आठवतं. ती त्या चौदामुळं हलवली. बाकीचे आकडे टेपनं खोटे केले होते. हा एक मी केला.

आहेराचा तो ब्लाउज शिवताना मात्र मी खांदा वहीतल्या चौदावर कापला नाही. कापडावर साडेतेराच आखला. चौदावर कापला असता तर ब्लाउज खांद्यावरनं घसरला असता, आणि माझ्या हातचा ब्लाउज जयसिंगपूरच्या ब्लाउजपुढं पडला असता. तो तिला चोख बसला. म्हणजे कात्री हातात घेताना मला माहीत होतं, की वहीतला चौदा खोटा आहे. तुमच्या दारात वही घेऊन येतानाही माहीत होतं.

तिथं मी लेकीसाठी आले नव्हते. ती परत माझी व्हावी म्हणून आले होते. वाटलं, तुमचं घर तिला वाईट दिसलं की माझं चांगलं दिसेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी तिन्हीत्रिकाळ बघत होते, चोर मात्र तुमच्या घरात शोधत होते.

जूनमध्ये गुंडू मिस्त्रीच्या टेपनं मला सुटका दिली. सगळा दोष टेपवर टाकता येईल असं वाटलं, तरी तुम्हाला लिहायला तीन महिने लागले, ह्यावरनंच काय ते समजा. भीती धंद्याची होती. शिवणारी बाई माप चुकली तर गिऱ्हाईक एकदा रागावतं. माप खोटं लिहिलं म्हटलं तर दारात कोण उभं राहील? आणि शिरोळची गोष्ट कोल्हापूरला यायला एक एस्टी पुरते.

येऊ दे.

ते पान वहीतनं फाडून ह्या कागदाला जोडलंय. चौदाच्या शेजारी आता माझ्या हातानं साडेतेरा लिहून खाली सही केली आहे. तुमच्या घरी एकादशीला भजनी मंडळ जमतं. त्या दिवशी पंगतीला होत्या त्याच बाया असतील. भजन सुरू व्हायच्या आधी हा कागद त्यांना वाचून दाखवा. मागचा नको, हा. मोना वाचेल, तिचा आवाज मोठा आहे. अनुजाला वाचायला लावू नका. आणि कागदावर भरवसा नसेल तर मला बोलवा. मी येईन, उभ्यानं सांगेन, आणि पाणीही न मागता परत जाईन. संशय मी चारचौघींत पेरला, तो चारचौघींतच उपटला पाहिजे. तुम्ही एकट्यांनी वाचून माफ केलंत तर माझं काम होईल, पण नळावर अनुजाला विचारायचं थांबणार नाही.

दिवाळीला तिला पाठवा असं मी मागं लिहिलं होतं. ते परत घेते. तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येईल, नाही वाटलं तर नाही. तुम्ही तिला माझ्याकडं जा म्हणून सांगू नका, आणि आई आहे, माफ कर, असंही म्हणू नका. तिनं सात महिने माझ्यासाठी गप्प राहायचं होतं तेवढं राहून झालं. आता तिला माझ्यावर मोठ्यानं रागावू द्या. तुमच्याजवळ रागावली तरी चालेल. खरं तर तुमच्याजवळच रागावू दे.

मला अजूनही वाटतं, हा कागद तुमच्या आधी दुसराच कुणी फोडेल. वाटतं, तुम्ही वाचून म्हणाल, ही बाई लेकीला वाचवायला स्वतःवर आळ घेते. माझं मन असं झालंय, ते लवकर सुधारायचं नाही. म्हणून जोडलेल्या पानावरचा तो चौदाचा आकडा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघा. आधी साडेतेराच लिहायला घेतलं होतं, एक आणि तीन लिहून झाले होते, मग तीन खोडून चार केला आहे. तीन खालनं दिसतो. एवढी खाडाखोड माझ्या कुठल्याच वहीत नाही.

आता एकच मागणं, आणि ते माझ्यासाठी नाही. उद्या अनुजा जेवायला बसली की तिच्यासमोर बसू नका. बाकीच्यांच्या ताटात बघा, टीव्ही बघा, उठून परड्यात जा. आणि दुसऱ्या भाकरीनंतर ती बास म्हणाली, तर तिला बास म्हणू द्या.

तुमची म्हणवून घ्यायचं की नाही ते तुमच्यावर सोडून,

तानाबाई